थंड प्रदेशात वडिलोपार्जित टोमॅटोची लागवड

आपल्या विद्यालयाच्या वार्षिकासाठी एखादा उपयुक्त विषय लिहून पाठवावा, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा आम्हांस प्रथम शाळेच्या विहिरीमागील बागेची आठवण झाली. त्या बागेत आठवड्यातून दोन तास आम्ही वाफे खणीत असू. आणि खरे सांगावयाचे तर ते दोन तास भूमितीच्या तासाहून बरे वाटत, एवढ्यापुरतीच आमची बागकामावर प्रीती होती. टोमॅटोचे रोप लावले, पाणी घातले, की पौष-माघात टोपली भरत असे. त्यात काही शिकण्यासारखे आहे, असे आमच्या मनातही आले नाही. पुढे नोकरीनिमित्त आम्ही अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल शहरी येऊन राहिलो, आणि हेच सोपे पीक तेथे आमच्या हातून साफ बुडाले. ते का बुडाले व पुढे कसे साधले, हे विद्यार्थिमित्रांस सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम देशाची हवा कशी आहे ते पाहू. सिॲटल हे सुमारे ४७॥ उत्तर अक्षांशावर, समुद्राच्या खाडीकाठी वसलेले आहे. तेथील हिवाळा ओला व मळभाचा असतो. उन्हाळा कोरडा, प्रकाशमान, पण सौम्य असतो. जून महिन्यात दिवस सोळा तासांचा होतो. तथापि जुलैतही दुपारचा पारा बहुधा २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतो आणि रात्री तो १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. सप्टेंबरअखेर पुन्हा पाऊस सुरू होतो. म्हणजे टोमॅटोस मोकळ्या हवेत मिळणारा काळ काय तो मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सुमारे चार महिने. आपल्याकडे नाशिक-जुन्नरच्या शेतकऱ्यास थंडी हा टोमॅटोचा मित्र वाटतो. तेथील माळ्यास तीच शत्रू वाटते. झाड एकच, परंतु देश बदलला म्हणजे धडाही बदलतो.

टोमॅटोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात, पेरू व इक्वेडोर ह्या देशांच्या बाजूस आहे. तेथील रानटी जातींची फळे बोराएवढी किंवा त्याहूनही लहान असतात. मेक्सिकोत मनुष्याने त्यांस मोठे केले, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर ते युरोपात गेले. इटलीतील वैद्य मत्तिओली ह्याने १५४४ साली त्याचे वर्णन केले आहे. १५९७ साली इंग्लंडातील जॉन जेरार्ड ह्याने आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात ह्या फळाविषयी नापसंती दर्शविली, आणि इंग्रज लोक पुढे पुष्कळ काळ ते खाण्यास कचरत असत. वांगे, बटाटा, मिरची व तंबाखू ह्यांच्याच कुळातले हे झाड; लिनीयस ह्याने १७५३ साली त्यास 'सोलॅनम' ह्या वर्गात घातले. ज्याचे पूर्वज विषुववृत्ताजवळ वाढले, त्यास थंडी सोसत नाही, ह्यात नवल नाही. शून्य अंशाखालील एक रात्र त्यास मारण्यास पुरेशी होते. आणि १० अंशांखाली ते मरत नसले तरी वाढतही नाही.

आता 'वडिलोपार्जित' वाण म्हणजे काय, हे सांगणे जरूर आहे. ज्या वाणाचे बी धरून पुन्हा पेरले असता आईसारखेच झाड येते, आणि जो वाण कुटुंबात किंवा गावात पिढ्यानपिढ्या राखला गेला आहे, त्यास आम्ही वडिलोपार्जित वाण म्हणतो. ह्याच्या उलट संकरित वाण. दोन निराळ्या शुद्ध वाणांचा संयोग करून पहिल्या पिढीचे जे बी मिळते, ते जोमदार व एकसारखे पीक देते. परंतु त्या पिकाचे बी पुन्हा पेरले तर संततीत कोणी आजीवर जाते, कोणी आजोबांवर, आणि एकसारखेपणा नाहीसा होतो. म्हणून संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. अमेरिकेत १९४९ साली 'बिग बॉय' नावाचा संकरित टोमॅटो बाजारात आला व फार लोकप्रिय झाला. त्यानंतर अशा वाणांचा प्रसार वाढतच गेला आणि घरोघरचे जुने वाण मागे पडले.

संकरित वाण वाईट असतात, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रोगाला तोंड देण्याची शक्ती त्यांपैकी अनेकांत अधिक असते, आणि ज्या शेतकऱ्याचे पोट पिकावर आहे, त्याने ते लावावे ह्यात गैर काही नाही. परंतु रुचीचा प्रश्न निराळा आहे. जुन्या टोमॅटोचे कच्चे फळ देठाजवळ गर्द हिरवे असते. सुमारे १९३० च्या आसपास, सर्व फळ एकसारखे फिके हिरवे राहून एकसारखे पिकते असा एक फरक संशोधकांच्या नजरेस आला, आणि दिसण्यास सुबक म्हणून तो बाजारी वाणांत सर्वत्र उतरविण्यात आला. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ह्या फरकामुळे फळातील हरितद्रव्याची वाढ करणारा एक घटक निकामी होतो, आणि त्यामुळे फळात साखर कमी तयार होते. देठाजवळचा तो हिरवा डाग नाहीसा झाला, आणि त्याबरोबर गोडीचा काही अंशही गेला. दिसण्याकरिता निवड केली म्हणजे काय गमावते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता आमच्या फजितीकडे वळतो. सिॲटल शहरात भाड्याने वाफे मिळणाऱ्या सार्वजनिक बागा आहेत. त्यांस 'पी-पॅच' म्हणतात. ह्यातील 'पी' हे अक्षर पिकार्डो नावाच्या इटालियन शेतकरी कुटुंबावरून आलेले आहे. त्यांच्या जमिनीवर १९७३ साली ह्या उपक्रमाचा आरंभ झाला. अशाच एका बागेत २०१० साली आम्हांस एक वाफा मिळाला. एप्रिलच्या मध्यास चार दिवस ऊन पडले. आमच्या देशी मनास वाटले, आता काय उन्हाळा आला! 'ब्रँडीवाइन' नावाचा मोठ्या गुलाबी फळाचा प्रसिद्ध जुना वाण आम्ही विकत आणला आणि सहा रोपे मोठ्या उत्साहाने लावली. हिम पडले नाही. रोपे मेली नाहीत. पण महिनाभर ती जशीच्या तशी उभी राहिली, पानांवर जांभळट झाक आली, आणि ऑगस्ट संपेपर्यंत फळे हिरवीच होती. सबंध हंगामात आम्हांस पिकलेली फळे मिळाली दोन.

शेजारच्या वाफ्यात ऐंशीच्या घरातील एक आजीबाई काम करीत असत. त्यांचे आजोबा इटलीहून आले होते. त्यांनी आमची लागवड पाहिली, वाकून आमच्या मातीत बोटे खुपसली, आणि "अजून गार आहे," एवढेच म्हणाल्या. आम्ही हसून ते सोडून दिले. पुढील वसंतात त्यांनी एका लहान कागदी पाकिटात आम्हांस आपल्या घरचे बी दिले. मध्यम आकाराचा, तांबडा, किंचित चपटा असा तो टोमॅटो होता. त्यास नाव असे काही नव्हते. "आमच्या घरचा," असेच त्या म्हणत. २०११ सालचा उन्हाळाही थंडच गेला, परंतु त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागल्यामुळे आम्हांस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले फळ मिळाले. त्या वर्षापासून आम्ही जे शिकलो, ते आता क्रमाने सांगतो.

वाणाची निवड. थंड प्रदेशात पहिला प्रश्न रुचीचा नव्हे, दिवसांचा आहे. बियांच्या पाकिटावर पन्नास, साठ, ऐंशी असे जे दिवस छापलेले असतात, ते पेरणीपासून नव्हे, तर रोप बाहेर लावल्यापासून पहिल्या पिकल्या फळापर्यंतचे असतात. आणि तेही उबदार हवेतले. थंड ठिकाणी त्यांत दोन-तीन आठवडे मिळवावे. ब्रँडीवाइनसारख्या वाणास ऐंशी-नव्वद दिवस लागतात. म्हणून तो आमच्या हातून गेला. ह्याउलट चेकोस्लोव्हाकियातून आलेला 'स्टुपिचे' किंवा रशियातील 'मॉस्कविच' हे वाण साठ दिवसांच्या आसपास फळ देतात. फळे लहान असतात, पण पिकतात. रात्रीच्या गारव्यात फुलाचे फलन नीट झाले नाही तरी बीविरहित फळ धरणारा 'ओरेगॉन स्प्रिंग' हा वाणही ओरेगॉन राज्याच्या विद्यापीठाने ह्याच हवेकरिता तयार केला. तो जुना नव्हे, परंतु संकरितही नव्हे. नवशिक्याने दोन लवकरचे वाण व हौसेखातर एक उशिराचा वाण लावावा, असे आमचे मत आहे.

पेरणी. बी उगवण्यास उष्णता किती लागते, ह्याचा हिशेब संशोधकांनी काढून ठेविला आहे, तो पाठ करण्याजोगा आहे. मातीची उष्णता १० अंश असेल तर टोमॅटोचे बी उगवण्यास सुमारे ४३ दिवस लागतात. १५ अंशांस १४ दिवस. २० अंशांस ८ दिवस. २५ अंशांस ६ दिवस. म्हणजे उष्णता दहावरून वीस अंश झाली की पाच आठवड्यांची बचत होते. ह्यास्तव बी घरात पेरावे. बाहेर लावण्याचा दिवस आधी ठरवावा आणि तेथून सहा ते आठ आठवडे मागे मोजावे. सिॲटलमध्ये मेचा तिसरा आठवडा हा बाहेर लावण्याचा सुरक्षित काळ. म्हणून पेरणी मार्चच्या उत्तरार्धात. उथळ कुंडीत भुसभुशीत माती भरावी, बी अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे खोल टाकावे, माती ओली ठेवावी, पण चिखल करू नये.

बी उगवले म्हणजे उष्णतेपेक्षा प्रकाशाची गरज अधिक. नवशिक्याची येथेच चूक होते. रोप उबदार पण अंधाऱ्या खिडकीत ठेविले तर ते प्रकाशाच्या शोधात उंच, फिकट व सुतासारखे बारीक होते, आणि मग वाऱ्याच्या पहिल्या झुळकीस आडवे पडते. मार्च महिन्यात त्या अक्षांशावर खिडकीतील प्रकाश पुरत नाही. म्हणून रोपांच्या डोक्यावर चार-पाच बोटांच्या अंतरावर नळीसारखे विजेचे दिवे टांगून ते दिवसाचे चौदा ते सोळा तास लावून ठेवतात. बीजदलांनंतर खऱ्या पानांची पहिली जोडी आली की प्रत्येक रोप निराळ्या कुंडीत लावावे, आणि लावताना देठ बीजदलांपर्यंत मातीत पुरावा. टोमॅटोच्या देठास मातीचा स्पर्श झाला की तेथूनही मुळे फुटतात. हा गुण मिरचीत किंवा वांग्यात इतका नाही.

रोप कणखर करणे. घरात वाढलेले रोप एकदम बाहेर लावणे म्हणजे पाळण्यातील मुलास शेतावर धाडण्यासारखे होय. लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस रोपे रोज बाहेर न्यावीत. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग उत्तरोत्तर अधिक वेळ, मग उन्हात, आणि शेवटी रात्रभर. ह्या काळात पाणी थोडे कमी करावे. ऊन व वारा ह्यांची सवय झालेल्या रोपाची पाने जाड व गर्द होतात. ही पायरी गाळली तर पाने पांढरी पडून करपतात आणि रोप दोन आठवडे मागे राहते.

लागवड. रात्रीचा पारा १० अंशांखाली जात नाही, असा आठवडा गेल्यावर लागवड करावी. आजीबाईंनी मातीत बोटे खुपसली, त्याचा अर्थ आम्हांस तेव्हा कळला नाही. हवा चार दिवसांत तापते. माती तापण्यास महिना लागतो, आणि मुळे मातीत असतात, हवेत नव्हेत! गार मातीत मुळांस स्फुरद घेता येत नाही. आमच्या रोपांवरील जांभळी झाक ही त्याचीच खूण होती. एप्रिलमध्ये लावलेले रोप व मेअखेर लावलेले रोप ह्यांत जूनअखेर बहुधा दुसरेच पुढे गेलेले दिसते. माती लवकर तापावी म्हणून वाफा उंच करतात, त्यावर काळे प्लॅस्टिक अंथरतात, आणि शक्य तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीशी जागा निवडतात. अशी भिंत दिवसा ऊन साठविते व रात्री ती ऊब परत देते. रोप लावताना खालची पाने काढून दोन-तृतीयांश देठ पुरावा. माती खोलवर गार असेल तर रोप तिरपे निजवून उथळ चरात लावावे. शेंडा आपोआप वर वळतो.

फलधारणा. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि सामान्यतः फुलाचे फलन त्याच्याच परागांनी होते. परंतु रात्रीचा पारा सुमारे १३ अंशांखाली गेला की पराग नीट तयार होत नाहीत व फुले गळतात. उलट, रात्री २१-२४ अंशांच्या वर राहिल्या तरी तीच अवस्था होते. आपल्याकडे वैशाखात टोमॅटोची फुले का गळतात, ह्याचे उत्तर ह्याच नियमात आहे. सिॲटलच्या रात्री ह्या सीमेच्या काठावरच असतात. म्हणून तेथे पातळ पांढऱ्या कापडाने रोपे रात्री झाकणे हितावह ठरते. पराग सुटण्यास फूल हालावे लागते. ते काम वारा करतो, किंवा गलेलठ्ठ भुंगमाशी फुलास लोंबकळून पंखांच्या स्नायूंनी त्यास थरथरविते. कापडाखाली माशी पोहोचत नाही. तेव्हा दिवसा कापड काढावे, किंवा दुपारी फुलांच्या घोसास बोटाने हलकी टिचकी मारावी.

छाटणी व पाणी. जुने वाण बहुतेक वेलासारखे वाढत जाणारे असतात. त्यांस उंच खुंटाचा आधार द्यावा, आणि पान व खोड ह्यांच्या बेचक्यातील बगलफुटी काढून एक किंवा दोन खोडे ठेवावीत. ऑगस्टच्या मध्यास शेंड्यावरची कळी खुडून टाकावी. कारण त्यानंतर येणाऱ्या फुलाचे फळ पिकण्यास हंगाम उरत नाही. पाणी बुडाशी, सकाळच्या वेळी, व नियमाने द्यावे. एकदा कोरडे व एकदा तुडुंब असे पाणी दिल्यास फळांत चुना पोहोचत नाही आणि त्यांच्या बुडाशी काळा चट्टा पडतो.

करपा. थंड प्रदेशात टोमॅटोचा महाशत्रू उशिरा येणारा करपा हा आहे. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक नासून जो भयंकर दुष्काळ सुरू झाला, त्याचे कारण हाच रोग. तो गार व ओल्या हवेत, वाऱ्याबरोबर पसरतो. पाने ओली राहिली की रुजतो, आणि चार-सहा दिवसांत हिरवागार वाफा काळा करून टाकतो. जुन्या वाणांत त्याला तोंड देण्याची शक्ती बहुधा नसते. उपाय हेच की रोपांत अंतर ठेवावे, जमिनीलगतची पाने काढावीत, पाने कोरडी राहतील असे छप्पर करावे, आणि पावसाची चिन्हे दिसताच रंग धरू लागलेली सर्व फळे उतरून घ्यावीत. रंग बदलू लागलेले फळ घरात २० अंशांच्या आसपास पिकते. त्यास उन्हाची गरज नाही. डब्यात एक पिकले केळे ठेविले तर त्यातून निघणाऱ्या वायूने हे काम लवकर होते. मात्र फळे थंड कपाटात ठेवू नयेत. १० अंशांखाली पिकणे थांबते व रुची जाते.

आता शेवटची पायरी, जिच्यावाचून वडिलोपार्जित हा शब्द व्यर्थ आहे. ती म्हणजे बी धरणे. निरोगी झाडावरील, वाणाचे रूप पुरतेपणी दाखविणारे, चांगले पिकलेले फळ निवडावे. ते कापून बिया व रस पेल्यात काढावा, थोडे पाणी घालावे आणि दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्यावे. प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत लगदा असतो, तो उगवणीस अडथळा करतो. आंबल्याने तो सुटतो. वर बुरशीचा पापुद्रा आला म्हणजे भरपूर पाणी ओतावे. पोकळ बिया तरंगतात, भरीव बिया तळाशी बसतात. त्या धुऊन बशीवर पसराव्यात, चांगल्या वाळवाव्यात, पाकिटावर नाव व साल लिहावे, आणि पाकीट कोरड्या व गार जागी ठेवावे. अशा बिया चार ते सहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक टिकतात.

ही सर्व कृती आम्हांस ठाऊक होती. २०११ साली आम्ही एक पाकीट भरून बी धरले. २०१२ साली धरले नाही. पाकिटात पुष्कळ आहे, असे म्हणालो. २०१३ साली ऑगस्टची उत्तम फळे आम्ही खाल्ली व पाहुण्यांस वाटली. बी शेवटच्या फळांचे धरू, असा विचार केला. सप्टेंबर फार पावसाचा गेला. आम्ही आठ दिवस परगावी होतो. परत येऊन पाहतो, तो सर्व वाफा काळा पडला होता आणि फळे तपकिरी होऊन सडली होती. त्याच हिवाळ्यात आजीबाई वारल्या. त्या वर्षी त्यांच्या हातून लागवड झाली नव्हती. त्यांच्या घरच्या मंडळींकडे चौकशी केली, तेव्हा बियांचे डबे घर आवरताना टाकून दिले गेल्याचे कळले.

घरी येऊन आम्ही ते २०११ सालचे पाकीट शोधले. ते चुलीवरच्या फळीवर, वाफ व उष्णता दोन्ही लागेल अशा जागी इतकी वर्षे पडून होते. बिया मोजल्या, एकवीस भरल्या. तीन पिढ्या एका घराने राखलेली वस्तू आमच्या तळहातावर होती, आणि ती जिवंत आहे की नाही, हे पाहून सांगता येत नव्हते. आम्ही दहा पेरल्या व अकरा राखून ठेविल्या. आठ दिवस गेले, काही नाही. बाराव्या दिवशी एक अंकुर दिसला. पुढे आणखी दोन आले. दहांपैकी तीन! त्या तीन रोपांची आम्ही जेवढी काळजी घेतली, तेवढी शाळेत असताना परीक्षेचीही घेतली नव्हती. २०१४ च्या ऑगस्टात जे पहिले तांबडे फळ आले, ते आम्ही खाल्ले नाही; त्याचे बी धरले. एका फळात शंभरावर बिया निघाल्या. त्यांची चार पाकिटे केली. एक आम्ही ठेविले, एक आजीबाईंच्या नातीस नेऊन दिले, आणि दोन बागेतील इतर शेजाऱ्यांस दिली.

आमच्यासारखाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर टळल्याचे एक उदाहरण अमेरिकेत प्रसिद्ध आहे. डायेन ऑट व्हीली ह्या बाईंस त्यांच्या आजोबांनी 'जर्मन पिंक' नावाचा टोमॅटो व एक फुलवेल ह्यांचे बी दिले. हे बी त्यांच्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातून आयोवा राज्यात आणले होते. थोड्याच काळात आजोबा निवर्तले. आपण मागितले नसते तर ते वाण आजोबांबरोबरच गेले असते, हे ध्यानात येऊन डायेन व त्यांचे पती केंट ह्यांनी १९७५ साली बियांची देवघेव करणारी एक संस्था काढली. तीच आज 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' म्हणून ओळखली जाते, व हजारो वाण राखून आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम होत आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे ह्यांस शाळेत जाण्याचा योग आला नाही. परंतु त्यांनी वाल, घेवडा, भात, वांगी व भाजीपाल्याचे गावरान वाण घरी जमवून त्यांची बँक उभारली. लोक त्यांस 'बीजमाता' म्हणतात. २०२० साली त्यांच्या नावाची पद्मश्रीसाठी घोषणा झाली.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सिॲटलच्या थंडीशी कर्तव्य नाही. परंतु सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीच्या मडक्यात, राखेत घोळून ठेविलेले वालाचे, भोपळ्याचे किंवा वांग्याचे बी आहे काय, ते पाहा. असेल तर ते कोठून आले, केव्हा पेरतात, त्याची चव कशी, हे तिला विचारून वहीत लिहून घ्या. मूठभर बी मागून आणा व शाळेच्या बागेत लावा. दोन नियम मात्र पाळा. ते आम्ही मोल देऊन शिकलो आहोत. पहिला, हंगामातील पहिले उत्तम फळ बियांकरिता राखावे, शेवटचे नव्हे. दुसरा, पाकिटातील सर्व बी एकाच वर्षी कधी पेरू नये, आणि सर्व बी एकाच घरात कधी ठेवू नये. विहिरीमागील वाफे अजून असतील, असा आमचा भरवसा आहे. तेथे पिकलेल्या पहिल्या फळाच्या बियांचे एखादे पाकीट शाळेच्या कपाटात, नाव व साल घालून, ठेविलेले आढळले, तर हा लेख लिहिल्याचे आम्हांस सार्थक वाटेल.